ड्रॅगनला पोचायला किती वेळ लागतो?

फँटसीवर परीक्षण लिहिणाऱ्याला हमखास ऐकवलं जाणारं वाक्य म्हणजे, ‘अहो, तुम्हाला ड्रॅगन चालतो, मग एवढंसं का चालत नाही?’ ड्रॅगन चालतोच. बघायला बसतानाच तो मान्य करून टाकलेला असतो. पण आधी कबूल केलेलं वेगळं आणि ऐन वेळी गळ्यात मारलेलं वेगळं. घरगुती नाटकात एखादा धागा सैल सुटला तर प्रेक्षक तो आपल्या अनुभवाने जोडून घेतो. फँटसीत त्याच्याकडे अनुभवच नसतो, जे काही माहीत आहे ते पडद्याने सांगितलेलं. म्हणून डोकं बाजूला ठेवून बघण्याचा सल्ला इथे सगळ्यात निरुपयोगी.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा २०११मधला पहिला भाग घ्या. राजा उत्तरेला विंटरफेलला येतो आणि राणी कुरकुरते, की महिनाभर आपण प्रवासातच आहोत. एकच वाक्य, पण त्याने नकाशाला लांबी मिळते. पुढचे कित्येक सीझन निरोप उशिरा पोचतो, सैन्य उशिरा पोचतं आणि तेवढ्या वेळात माणसं मरतात. २०१७च्या सातव्या सीझनमध्ये मात्र गोठलेल्या तळ्यात अडकलेल्या मंडळींसाठी एक जण धावत सीमेवरच्या भिंतीपर्यंत जातो, तिथून निरोप घेऊन डोमकावळा दूर दक्षिणेला ड्रॅगनस्टोन बेटावर जातो आणि तिथून ड्रॅगन उत्तरेला येतो. तोवर मंडळी तळ्यावर तग धरून. यावर ‘कावळा फारच वेगात उडाला’ असं लिहिणारा समीक्षक अर्धवटच काम करतो. अंतर हाच ज्या मालिकेचा खलनायक होता, तिने तो परस्पर रजेवर पाठवला, ही खरी तक्रार. पहिले सहा सीझन प्रत्येकी १० भागांचे, सातवा ७चा, आठवा ६चा. घाई कुठून आली याचा अंदाज एवढ्या आकड्यांवरूनही येतो.

असं काही नेमकं पकडायचं तर दोनदा बघण्याला पर्याय नाही. पहिल्यांदा वही मिटलेली. फार तर जिथे लक्ष उडालं ती वेळ टिपायची, कारण कंटाळा दुसऱ्यांदा खरा राहत नाही. दुसऱ्या वेळी वहीत दोन रकाने करायचे: त्या दुनियेतला नियम कधी सांगितला आणि कधी वापरला. दोन्हींत एखाद्याच प्रसंगाचं अंतर असेल आणि त्या नियमाने नायक सुटत असेल, तर लेखकाने वेळ मारून नेली आहे. उशिरा आलेल्या नियमाने नायक उलट अडकत असेल, तर मात्र प्रेक्षक खुशाल माफ करतो. हा पक्षपात आहे खरा, पण तो सगळेच करतात.

‘तुंबाड’ (२०१८) या कसोटीला छान उतरतो. कणकेची बाहुली पुढे केली की शापित देव हस्तर तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्याकडच्या मोहरा काढायच्या, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाप हे मुलाला शिकवतो तेव्हा आपणही शिकतो. शेवटी जे होतं ते याच नियमातून येतं, नवं काही आणावं लागत नाही. काय होतं ते इथे लिहिलेलं नाही, आणि परीक्षणातही एवढ्यावरच थांबता येतं. ट्रेलरमध्ये आलेलं आणि पहिल्या पाव भागातलं बिनधास्त लिहावं. त्यापुढचं, फक्त ते कशातून येतं तेवढं.

व्हीएफएक्सवर, म्हणजे संगणकाने घडवलेल्या दृश्यांवर, दोन ओळी खरडून ‘नेत्रदीपक’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा प्राण्याचे पाय बघावेत. पाऊल टेकलं की माती दबते का, धूळ उडते का, सावली इतरांच्या सावल्यांच्याच दिशेला पडते का? अवाढव्य प्राणी मांजरासारखा चटकन वळला की त्याचं वजन गेलंच. केसांच्या कडा आणि पाणी इथेही काम कच्चं असेल तर लगेच उघडं पडतं.

जुन्या युक्त्याही ओळखता याव्यात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या चित्रपटात (२००१) उंच जादूगार गँडाल्फ आणि बुटका फ्रोडो गाडीत शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात गाडीची बैठक खास बनवलेली आणि फ्रोडो कॅमेऱ्यापासून बराच मागे. लांबचा म्हणून लहान. दोघं एकमेकांकडे बघताहेत असं वाटतं, तेव्हा नट मात्र भलतीकडे बघत असतात. ‘हॉबिट’च्या वेळी (२०१२) ही युक्ती बाद झाली, कारण दोन भिंगांच्या थ्रीडी कॅमेऱ्याला कोण किती मागे आहे ते कळतं. मग गँडाल्फला हिरव्या पडद्यापुढे एकट्याने अभिनय करावा लागला. तोच चित्रपट सेकंदाला नेहमीच्या २४ऐवजी ४८ फ्रेम्सने चित्रित झाला. हालचालीतला धूसरपणा कमी झाला आणि रंगवलेल्या भिंती रंगवलेल्या दिसू लागल्या.

घरच्या टीव्हीवर हाच घोटाळा आपण आपल्या हाताने करून घेतो. मोशन स्मूदिंग किंवा तत्सम नावाची सेटिंग चालू असली की टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने बनवून घुसडतो आणि महाल सेटसारखा दिसतो. आधी ती बंद करावी, मगच कलादिग्दर्शकाला बोल लावावा. अंधाराचंही तसंच. ‘थ्रोन्स’च्या आठव्या सीझनमधली रात्रीची लढाई (२०१९) अनेकांना दिसलीच नाही. चित्रण मुळात गडद, त्यात स्ट्रीमिंगसाठी चित्र दाबून लहान केल्याने (कॉम्प्रेशन) काळ्या छटांचे पट्टे पडलेले, वर खोलीत दिवा. दिवा मालवून, लॅपटॉप सोडून मोठ्या पडद्यावर बघूनही दिसलं नाही, तर मग लिहावं.

मूळ पुस्तकाशी तुलना करताना काय काय वगळलं याची यादी देऊ नये, ती वाचक स्वतः करतात आणि जास्त रागाने करतात. वगळल्यामुळे काय लंगडं पडलं तेवढंच सांगावं. आणि नावं! एका परिच्छेदात सात राजघराणी, दोन तलवारी आणि एक शापित दरी आली की न बघितलेला वाचक तिथूनच पळ काढतो. पात्राचं काम सांगितलं तर निम्मी नावं लागतच नाहीत.

मालिकेचे पुष्कळदा पहिले काहीच भाग समीक्षकांना आगाऊ मिळतात. किती भाग बघून लिहिलंय ते सुरुवातीलाच सांगून टाकावं आणि नियम मोडल्याचा निकाल राखून ठेवावा, कारण दुसऱ्या भागात उगाच वाटलेली अंगठी सातव्यात कामाला येऊ शकते. आगाऊ प्रतीत कधीकधी व्हीएफएक्सही अपुरे असतात, तशी सूचनाही असते. तेवढ्यावरून ड्रॅगनच्या पंखांना नावं ठेवली, तर प्रदर्शनाच्या दिवशी तो पूर्ण पंखांनिशी उडतो आणि परीक्षण तेवढं खाली राहतं.