तुम्ही विचारलंत म्हणून: एक तरी स्पिटफायर का नाही?

प्लॅस्टिकची मॉडेलं करणाऱ्याला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "एवढा वेळ कसा मिळतो?" त्याचं उत्तर देणं मी सोडून दिलंय. दुसरा खास माझ्या कपाटाकडे बघून येतो: सगळी दुपंखीच, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्यांची लढाऊ विमानंच का? ब्रिटनचं ग्लॅडिएटर, फियाट सीआर-42, पोलिकार्पोव्ह, एव्हिया. एका पंखाची, नव्या घडणीची ब्रिटिश स्पिटफायर नाही, हरिकेन नाही. आणि पाठोपाठ, जरा हसत, "ही डबडी दुसऱ्या महायुद्धात उडवायची म्हणजे पोरांना मरायलाच धाडायचं, नाही का हो?"

इतकी वर्षं मीही हसून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

ग्लॅडिएटर मागासलेलं होतं, हे मला शिकवू नका. प्रोटोटाइप 1934च्या सप्टेंबरात उडाला, विमान स्क्वाड्रनकडे पोचलं 1937च्या सुरुवातीला, आणि तोवर हरिकेन आणि स्पिटफायर या दोघांचीही पहिली उड्डाणं होऊन गेली होती. ताशी जेमतेम चारशे किलोमीटर वेग, चार मशीनगन, न मिटणारी चाकं. बंदिस्त कॉकपिट एवढीच काय ती नवलाई. पण युद्ध कॅटलॉग बघून लढत नाहीत, हाताशी असेल ते घेऊन लढतात. नवी विमानं इंग्लंडच्या रक्षणाला आणि फ्रान्सला लागली, लांबच्या आघाड्यांना उरलेली मिळाली. समोर इटलीचं फियाट सीआर-42 आलं, तर तेही दुपंखीच. ग्रीसमध्ये आणि आफ्रिकेच्या वाळवंटात ही दोघं एकमेकांना भिडली तेव्हा कुणी कुणाला डबडं म्हणावं?

एवढं सांगून थांबलो असतो तर माझी बाजू छान राहिली असती. पण तुमच्या प्रश्नाचं खरं गाव नॉर्वेत आहे, आणि तिथे मला जावंच लागतं.

एप्रिल 1940. जर्मनीने नॉर्वेचे विमानतळ पहिल्याच फटक्यात घेतले होते. मध्य नॉर्वेत उतरलेल्या ब्रिटिश सैन्यावर दिवसभर बॉम्ब पडत होते आणि वर छत्र नव्हतं. विमानं पाठवायची तर उतरवायची कुठे? लेस्यास्कोगच्या गोठलेल्या तळ्यावर. गावकऱ्यांनी बर्फ उपसून धावपट्टी काढून दिली. 24 एप्रिलला 'ग्लोरियस' या विमानवाहू नौकेवरून ब्रिटिश हवाई दलाच्या 263 स्क्वाड्रनची अठरा ग्लॅडिएटर उडाली आणि त्या बर्फावर उतरली. स्क्वाड्रन लीडर होता जॉन डोनाल्डसन.

आता हे बघा. इंजिनं सुरू करायच्या ट्रॉलीच्या बॅटऱ्या चार्ज केलेल्या नव्हत्या आणि त्यात घालायला ॲसिड पाठवलेलं नव्हतं. अठरा विमानांच्या बहात्तर मशीनगन, त्या सांभाळायला प्रशिक्षित आर्मरर एक. पेट्रोलचा टँकर नाही, डबे उचलून ओतायचं. रात्रीच्या थंडीत कार्ब्युरेटर आणि कंट्रोल गोठले. पहाटे खटपट करून दोन विमानं कशीबशी वर गेली, त्यांनी एक जर्मन हाइन्केल विमान पाडलंसुद्धा. बाकीची तळ्यावर उभी, आणि माणसं एकेका इंजिनाशी झटत असताना जर्मन बॉम्बर आले. ते दिवसभर येत राहिले. बर्फाला भोकं पडत गेली, उभ्या विमानांनी पेट घेतला. दुपारपर्यंत निम्मीशिम्मी संपली होती, आणि ती हवेत नव्हे, जमिनीवर. जी थोडी वर जात होती ती लढत होती, पुन्हा इंधन भरायला त्याच तळ्यावर उतरत होती. संध्याकाळी उरलेली चार-पाच आँडाल्स्नेसजवळच्या मैदानावर हलवली. तीही एक-दोन दिवसांत निकामी झाली. वैमानिक बोटीने घरी परतले.

यात दुसऱ्या पंखाचा दोष कुठे आहे, ते मला दाखवा. त्या तळ्यावर हरिकेन उभी असती तर त्यांचे कार्ब्युरेटर गोठले नसते? उलट एवढ्याशा जागेत चढा-उतरायला हेच विमान चाललं, म्हणून तर ते पाठवलं.

तिशीतला मी इथे टेबलावर हात आपटून थांबायचो. आता तो मला पुरता पटत नाही. कारण तळ्यावर येणारे काही बॉम्बर ग्लॅडिएटरला गाठताच येत नव्हते. समोर दिसतंय आणि हातात येत नाही, हे वेगाचंच दुखणं. आणि 'चालेल, तळ्यावरही उतरेल' असं विमान हाताशी होतं, म्हणूनच ही मोहीम कुणाच्या तरी डोक्यात आली, हेही तितकंच खरं. तिशीतला मी म्हणेल, मग दोष पाठवणाऱ्यांचा. मी म्हणतो, हो, पण भोगलं कुणी?

मे महिन्यात हीच स्क्वाड्रन नवी ग्लॅडिएटर घेऊन उत्तरेला बार्डुफोसला गेली. तिथे खरा विमानतळ होता, सामान होतं, आणि तिथे त्यांनी चांगली झुंज दिली. हे मी कुणाला सांगायला लागलो की ऐकणाऱ्याचं लक्ष चहाकडे जातं. जूनमध्ये माघारीचा हुकूम आला आणि दहा ग्लॅडिएटर पुन्हा 'ग्लोरियस'वर उतरली. 8 जूनला 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नाइझेनाउ' या जर्मन युद्धनौकांनी 'ग्लोरियस' आणि तिच्या सोबतच्या दोन विनाशिका बुडवल्या. दीड हजारांवर माणसं गेली. त्यात डोनाल्डसन होता आणि त्याच्याबरोबर नौकेवर उतरलेले 263चे सगळे वैमानिक होते. या वेळी तर ना बर्फ, ना ॲसिड, ना पंख.

याच 'ग्लोरियस'ने भूमध्य समुद्रातून निघताना माल्टात काही सी-ग्लॅडिएटर (नौदलासाठी केलेली ग्लॅडिएटर) खोक्यांत बंद ठेवली होती. जूनमध्ये इटलीने हल्ला केला तेव्हा तीच जोडून उडवली. फेथ, होप, चॅरिटी ही तीन विमानं एकटी बेटासाठी लढली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नावं मागाहून पडली आणि विमानं तीनपेक्षा जास्त होती. मला ती गोष्ट तरीही आवडते, आणि ती खोडून काढतानाही मीच पुढे असतो. त्यातल्या 'फेथ'चा सांगाडा वालेटाच्या युद्धसंग्रहालयात आहे.

मग शेवटी येतं, "म्हणजे 1940मध्येच ती संपली ना?" तर 2 सप्टेंबर 1944ला, जर्मनीविरुद्धच्या स्लोव्हाक उठावात, वैमानिक फ्रान्तिशेक त्सिप्रिखने दुपंखी एव्हिया बी-534 घेऊन हंगेरीचं युंकर्स 52 हे वाहतूक विमान पाडलं. तोवर जर्मनीची जेट लढाऊ विमानं युद्धात उतरली होती. सध्या टेबलावर तीच एव्हिया आहे, आणि तिच्या पंखांमधल्या तारा लावताना माझे डोळे दुखतात. स्पिटफायरला तारा नसतात, हे मला माहीत आहे.