मॉडिफाय केलेली गाडी, इन्शुरन्स आणि माझी वही

गेल्या आठवड्यात पॉलिसी रिन्यू केली आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय. गाडी मॉडिफाय केली म्हटलं की सगळे विचारतात पॉवर किती वाढली, किती खाली बसवलीस, अलॉय कुठले, पण वर्षभर सांभाळायला किती लागतं हे कुणीच विचारत नाही आणि सुरुवातीला मीही स्वतःला ते विचारलं नव्हतं.

माझी गाडी म्हणजे छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. पहिल्या दोन वर्षांत तिला १६ इंचीच्या जागी १७ इंची अलॉय, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन), फ्री फ्लो सायलेन्सर (धूर मोकळा जाऊ देणारा) आणि स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) एवढं सगळं झालं. पैसे साठवून एकेक पार्ट घेतला, कर्ज काढलं नाही, त्यामुळे सगळं नीट हिशोबात चाललंय असंच वाटत होतं. इन्शुरन्स कंपनीला मात्र यातलं काहीच कळवलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, हे कळवायचं असतं हेच माहीत नव्हतं.

मग एका पावसात वळणावर गाडी घसरली आणि पुढचं डावं चाक जाऊन दुभाजकावर आदळलं. कुणाला लागलं नाही. इन्शुरन्स कंपनीकडून नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, तो बंपरकडे बघेल असं वाटलं होतं, पण तो सरळ त्या चाकापाशी गुडघ्यावर बसला, टायरच्या बाजूवर कोरलेला साइज वाचून कागदावर उतरवून घेतला, मग टॉर्च आत मारून कॉइलओव्हरच्या आट्यांवर बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "हे पॉलिसीत लिहिलंय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोनेट, बंपर, हेडलाइट याचे पैसे मिळाले. अलॉय, टायर, सस्पेन्शन याचा एक पैसा नाही, आणि वर पत्र आलं की सगळे बदल डिक्लेअर करा नाहीतर पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही. हे तेवढ्यावर निभावलं हे मी नशीब समजतो, कारण न सांगितलेल्या बदलांमुळे अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

तेव्हा रागच आला होता, हप्ता तर मी वेळेवर भरत होतो ना. नंतर वाचत गेलो तेव्हा त्यांची बाजू पटली. विमा हा सगळा विश्वासावर चालतो, ज्या गोष्टीचा विमा आहे तिची खरी माहिती मालकालाच असते, म्हणून ती त्याने आपणहून सांगायची. हे तत्त्व फार जुनं आहे, १७६६ साली इंग्लंडमध्ये सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याच्या विम्यावरून खटला झाला होता आणि लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्यात ते स्पष्ट मांडलं. त्या खटल्यात जिंकला तो विमा काढणाराच, पण दोन्ही बाजूंनी काही दडवायचं नाही हे तिथून पक्कं झालं. नंतर ठिकठिकाणी कायदे बदलले तरी फॉर्मवरचा "गाडीत काही बदल केले आहेत का" हा प्रश्न त्यातूनच आलाय, आणि तिथे मी डोळे झाकून "नाही" वर टिक केली होती.

आता डिक्लेअर करणं म्हणजे काय, तर मी काय केलं ते सांगतो. प्रत्येक पार्टचं नाव, बिल, बसवल्याची तारीख, आधीचा आणि नंतरचा फोटो, रीमॅपआधीची आणि नंतरची पॉवर असं सगळं एका मेलमध्ये टाकलं. आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, हे फार महत्त्वाचं आहे. पहिला, हे बदल असतानाही माझी पॉलिसी पूर्ण लागू राहील का. दुसरा, हेच पार्ट तुटले तर त्यांचे पैसे मिळतील की फक्त कंपनी फिटिंगचे. कारण "बदल मान्य आहे" आणि "पार्ट कव्हर आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फोनवर हो हो ऐकून आपण दोन्ही एकच समजतो. म्हणून उत्तर लेखीच घ्या.

तसंच व्हॅल्यूचं. साध्या पॉलिसीत गाडीची किंमत घसारा धरून काढतात, तुम्ही वर कितीही ओतलं असलं तरी गाडी पूर्ण गेल्यावर हातात येते ती त्या वयाच्या साध्या गाडीची किंमत. काही कंपन्या अ‍ॅग्रीड व्हॅल्यू देतात, म्हणजे किंमत आधीच ठरवून कागदावर, त्याला हप्ता जास्त पडतो पण ज्याने खरंच खूप खर्च केलाय त्याने ते विचारून बघावंच.

हप्ता वाढला का? वाढला. पण सगळ्या पार्टमुळे सारखा नाही. चाकं आणि सस्पेन्शनने थोडा, रीमॅपने मात्र चांगलाच, आणि दोन कंपन्यांनी रीमॅप ऐकून सरळ नाहीच म्हटलं. त्यांच्या दृष्टीने पॉवर वाढली म्हणजे जोरात ठोकण्याची शक्यता वाढली. हप्ता उतरवायला अपघातात आपल्या खिशातून भरायची रक्कम वाढवून घेता येते, पण तेवढी रक्कम खरंच बाजूला ठेवलेली असेल तरच. नाहीतर हप्त्यात वाचवलेलं अपघाताच्या दिवशी उसनं मागावं लागतं.

हे झालं इन्शुरन्सचं. रोजचा खर्च तर आणखी गुपचूप येतो, आणि त्यात टायर पहिले.

मूळ साइज होता १९५/५५ आर१६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या किती टक्के उंच, आणि रिम किती इंची), म्हणजे चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. मी दिसायला भारी म्हणून २०५/४० आर१७ टाकले, त्यांचा व्यास ५९६ च्या आसपास. फरक जेमतेम २५ मिलिमीटरचा, पण चाक छोटं झालं की तेवढ्याच अंतराला जास्त फेरे मारतं, त्यामुळे १०० किलोमीटर गेलो तर मीटर १०४ दाखवणार. मला वाटायचं गाडीचं अ‍ॅव्हरेज सुधारलंय! ते मीटरच जास्त पळत होतं. आणि वापरलेल्या गाडीची किंमत ठरते तीसुद्धा त्याच मीटरवर. २०५/४५ घेतले असते तर व्यास ६१६ येतो, फरक १ टक्क्यापेक्षा कमी, आणि साइडवॉल थोडी जाड असल्याने खड्ड्यात रिम वाचायची शक्यताही जास्त. आता तेच आहेत.

दुसरं म्हणजे गाडी खाली बसवली की चाकांची अलाइनमेंट हलते. मी कॉइलओव्हर बसवून तसाच फिरत राहिलो. टायर बाहेरून बघितले तर नक्षी अर्धी शिल्लक, एकदम ठीक. गॅरेजला गाडी वर घेतली आणि मिस्त्रीकाका म्हणाले, "हात घाल आतून, पण जपून." आतल्या कडेला रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या, बोटाला टोचल्या. असं मी हायवेला किती दिवस पळवलं ते आठवून आजही पोटात गोळा येतो. "कॅम्बरला नावं ठेवतात सगळे, पण टायर खातो तो टो," काका म्हणाले, आणि ते खरंय, कॅम्बर म्हणजे चाक वरून आत-बाहेर कललेलं असणं, आणि टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं समोर सरळ न राहता वळलेली असणं, ती किंचित आत किंवा बाहेर वळलेली असली की टायर रस्त्यावर घासतच पुढे जातो. तेव्हापासून उंची बदलली की त्याच दिवशी अलाइनमेंट, आणि महिन्यातून एकदा आतल्या कडेला हात.

रीमॅपचा खर्च पेट्रोल पंपावर कळतो. माझा मॅप ९८ ऑक्टेनसाठी होता. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त असं नाही, ते दाबाखाली वेळेआधी पेटत नाही एवढंच. पैसे वाचवायला ९५ टाकलं की नॉक सेन्सर वेळेआधी पेटल्याचा ठोका ओळखतो, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि ज्या पॉवरसाठी एवढं केलं ती जाते. म्हणजे महाग पेट्रोल कायमचं. वर ऑइल निम्म्या किलोमीटरला, प्लग लवकर, आणि टॉर्क वाढल्याने वर्षाच्या आत क्लच घसरायला लागला, चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढतो पण गाडी तिथेच. क्लच बदलायचा खर्च रीमॅपपेक्षा जास्त आला.

जाता जाता एक, हेडलाइटचे बल्ब. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वाले टाकतात लोक. ५५ वॅटला साधारण साडेचार अँपिअर लागतात आणि ९० ला साडेसात, मूळ वायरिंग आणि होल्डर त्यासाठी बनवलेलेच नसतात. आधी होल्डर वितळतो, पुढे आगही लागू शकते, आणि मग त्या आगीचा क्लेम. कृपा करून हे करू नका.

क्लचच्या बिलानंतर मी वही काढली. एका बाजूला पार्टची किंमत, दुसऱ्या बाजूला तो पार्ट वर्षाला काय मागतो ते, हप्त्यातली वाढ, टायर, पेट्रोल, ऑइल सगळं. टायरची किंमत भागिले तो किती किलोमीटर टिकला. या सगळ्याची बेरीज भागिले बारा, तेवढे पैसे पगार झाला की आधी वेगळ्या खात्यात जातात. ते लिहून झाल्यावर निर्णय फारसा अवघड राहिला नाही, रीमॅप काढून कंपनीचा मॅप परत टाकला. वाईट वाटलं, खरंच वाटलं, तो तिसऱ्या गिअरमधला जोर मला आवडायचा. पण सस्पेन्शन ठेवलं, कारण गाडी चालवण्यातला माझा खरा आनंद वळणात आहे आणि वहीत तो खर्च मला झेपतो. रीमॅप काढल्याचंही इन्शुरन्स कंपनीला कळवलं, हप्ता कमी झाला. जुने स्प्रिंग, जुनी चाकं, जुना सायलेन्सर सगळं गुंडाळून ठेवलंय, गाडी विकताना ओरिजिनल पार्ट सोबत असले की गिऱ्हाईक लवकर मिळतं.

आता पुढे मोठे ब्रेक टाकायचा विचार आहे, १७ इंची रिममध्ये मोठी डिस्क बसते हे मोजून झालंय. पॅड किती किलोमीटर टिकतात ते काकांना विचारून वहीत लिहिलंय, कंपनीला मेल परवाच गेलाय. त्यांचं लेखी उत्तर आलं की ऑर्डर टाकणार.