परभणीचे ऊन, परभणीची थंडी आणि सोलरची डीसी पेटी

आमच्या परभणीच्या घराच्या गच्चीवर ५४० वॉटची १० पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे माळेसारखी एकापुढे एक, जोडली. पॅनेलकडून येणारा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेचा. पण जिन्यातल्या डीसी पेटीत वायरमनने घरच्या बोर्डावर असतो तसलाच ३२ अँपिअरचा एसी (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचा) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवला होता. "काका, अँपिअर तर जास्तीच आहेत की," असे त्याचे म्हणणे. मी तो लगेच काढायला लावला. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीला अशी उसंत नसल्याने ती पेटतच राहते आणि पेटी वितळवते.

मग दुकानदाराने ५०० व्होल्टचा डीसी एमसीबी दिला, कारण पॅनेलच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारे कमाल व्होल्टेज) ४९.५ होते, म्हणजे दहांचे ४९५. पण लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. आमच्या पॅनेलचे व्होल्टेज दर अंश घटीमागे ०.२८ टक्के वाढते आणि इथे कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी तीच १० पॅनेल ५२३ व्होल्ट देतात. शेवटी १००० व्होल्टचा घेतला.

करंटचे गणित सोपे आहे. शॉर्ट सर्किट करंट (दोन टोके थेट जोडली तर वाहणारा) १३.९ अँपिअर, ढगांच्या कडेने ऊन क्षणभर वाढते म्हणून १.२५ पट, दिवसभराच्या सलग भारासाठी पुन्हा १.२५ पट, असे २१.७ झाले, म्हणून २५ अँपिअरचा एमसीबी. मात्र खरी मेख पुढेच आहे. स्ट्रिंग एकच असेल तर वायर शॉर्ट झाली तरी पॅनेल १३.९ च्या फार पुढे करंट देऊच शकत नाहीत, त्यामुळे हा एमसीबी पडणारच नाही. तो फक्त हाताने बंद करण्यापुरता. म्हणजे वायरने स्वतःच्या बळावर तग धरला पाहिजे. साधी पीव्हीसीची ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर पाईपमधून नेली तर ३० अंशांना ३२ अँपिअर सोसते, पण मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर ६० अंशांत तिची क्षमता निम्मी, म्हणजे १६ वर येते, आणि उन्हाचा कमाल करंट १७ च्या वर जातो. त्याच ४ स्क्वेअरची सोलर केबल, दोन तारा चिकटून नेल्या तरी, ६० अंशांना ४४ अँपिअर वाहते. जाडी तीच, फरक आवरणाचा.

एसी बाजूला, डीसीचा एसी करणारा ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टला २१.७ अँपिअर देतो, त्याच्या १.२५ पट २७.२, म्हणून एमसीबी ३२ चा. इथे बिघाड झाला तर वीजलाईनकडून भरमसाट करंट येतो आणि एमसीबी खरोखरच वायर वाचवतो, म्हणून वायरची क्षमता त्याच्यापेक्षा जास्त हवी. पाईपमधली ६ स्क्वेअरची वायर ४५ अंशांत जेमतेम ३२ वर येते, म्हणून मी १० ची घातली, आणि डीसी पेटीतून काढलेला तो ३२ अँपिअरचा एमसीबी तिच्यावर बसवला.