फरशी, सुतळी आणि फासे: चौथी-पाचवीला क्षेत्रफळ शिकवताना

लांबी गुणिले रुंदी. एवढं फळ्यावर लिहायला दहा सेकंद लागतात आणि बऱ्याच वर्गांत क्षेत्रफळ शिकवणं तिथंच संपतं. पोरं गणितं सोडवतात, उत्तरंही बरोबर येतात, पण त्याच पोराला जवळ बोलवून विचारा की ५ सेमी लांब आणि ३ सेमी रुंद आयताचं क्षेत्रफळ तू १५ काढलंस ना, मग दाखव बरं मला ते १५ कुठंयत. पोरगं आयताच्या कडेवरून बोट फिरवायला लागतं. म्हणजे क्षेत्रफळ विचारलं तरी त्याच्या डोक्यात कडाच आहेत, आतली जागा त्याने बघितलेलीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सूत्र सगळ्यात शेवटी यावं, आणि जमलं तर ते पोरांच्याच तोंडून यावं.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. इथल्या पोरांच्या घरी माग नाहीतर टॉवेल-चादरीचं काम, कितीतरी जणांच्या आया विड्या वळतात, घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू-कन्नड-हिंदी सगळं एकत्र आणि मराठी ती वर्गात आल्यावर. त्यामुळे मी कितीही छान समजावून सांगितलं तरी अर्धं ऐकलं जातं, पण हातात सुतळी दिली की भाषेची अडचणच राहत नाही. खेळांकडे मी वळले ते मुख्यतः यासाठी.

पहिला खेळ फरशीचा. आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे, शहाबाद इथून जवळ त्यामुळे सोलापुरातल्या जुन्या घरांत आणि शाळांत ती असतेच, आणि आमच्याकडच्या फरश्या सगळ्या एकसारख्या चौरस आहेत हे आमचं नशीब. एक सुतळी घ्यायची, फरशीच्या १२ कडांएवढी लांब, आणि दोन्ही टोकं बांधून तिचा वेढा करायचा. चार पोरांनी चार कोपरे धरायचे, सुतळी ताणून बरोबर दरजांवर ठेवायची आणि आतल्या एकेका फरशीवर टीममधलं एकेक पोरगं उभं करायचं. ज्यांच्या वेढ्यात जास्त पोरं मावतील ती टीम जिंकली. बहुतेक वेळा पहिली टीम लांबलचक आयत करते, कारण लांब म्हणजे मोठं असं त्यांना वाटतं, तर त्यात पाचच पोरं उभी राहतात. दुसरी टीम ४ बाय २ करते, आठ मावतात. कुणीतरी ३ बाय ३ करतं आणि नऊ मावतात, मग जो गोंधळ होतो तो मला फार आवडतो, का बे तुमची सुतळी मोठीये, चीटिंग करलालाय हा, बाई सुतळी मोजा. मी मोजत नाही, त्यांनाच मोजायला लावते. सुतळी तीच असते, १२ कडांचीच. आता काठ तेवढाच आणि आतली जागा मात्र ५, ८, ९, हे बघून वर्ग जो शांत होतो ना त्या शांततेत मी काहीच बोलत नाही. परिमिती वेगळी आणि क्षेत्रफळ वेगळं हे मी फळ्यावर लिहून कितीदा शिकवलं असतं तरी एवढं पोचलं नसतं.

यानंतर मैदानावर नेलं की लगेच जुळतं. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. फक्की कडेकडेने मारायची तर ४६ मीटर मारावी लागेल, आणि आत पाणी मारून माती दाबायची तर १३० चौरस मीटर जागा आहे. फक्कीवाला आणि पाणी मारणारा असे दोन गट करून विचारते, कुणाला काय मोजावं लागेल. चुकत नाहीत पोरं.

दुसरा खेळ वहीतला, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच. चौकटीच्या वहीवर २० बाय २० चौकटींचा मोठा चौरस आखायचा, दोघांत मिळून एक, प्रत्येकाचा रंग वेगळा. सापशिडीचे दोन फासे टाकायचे, ४ आणि ६ पडले तर ४ बाय ६ चा आयत कुठंही काढून रंगवायचा आणि आत लिहायचं किती चौकटी झाल्या. जागाच उरली नाही तर पास. लागोपाठ दोघंही पास झाले की खेळ संपला, ज्याच्या चौकटी जास्त तो जिंकला.

आता यात बघण्यासारखं असतं ते पोरं मोजतात कशी. सुरुवातीला बोट ठेवून ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू करत चोवीसपर्यंत जातात, हो तेलुगूतच, मोजताना आपण सगळेच घरच्या भाषेत जातो. मी थांबवत नाही. शेजारचं पोरगं एक ओळ मोजतं, सहा, मग बारा, अठरा, चोवीस, असं ओळी ओळीने उड्या मारतं आणि त्याचं आधी होतं. बोटवाला ते बघतो. दोन-चार डावांत तोही ओळींवर येतो. मग कुणीतरी एकजण म्हणतो बाई मोजायचंच कशाला, चार साहे चोवीस. झालं! सूत्र आलं की. हे प्रत्येकाला एकाच दिवशी सुचत नाही, कुणाला आठवडाभर लागतो आणि लागू द्यावा, कारण ओळ म्हणजे काय आणि अशा किती ओळी हे ज्याला दिसलं तो पुढं कधी परिमितीत आणि क्षेत्रफळात घोळ घालत नाही. पोर्शन मागं राहतो ही आपल्या सगळ्यांची भीती मला कळते, पण इथं दिलेला वेळ पुढं सहावी-सातवीत वसूल होतो हे मी मनापासून सांगते.

पोरं तयार झाली की एक नियम वाढवायचा. आयत बसत नसेल तर कापून दोन तुकड्यांत बसवा, पण एकूण चौकटी तेवढ्याच हव्यात. मग ४ बाय ६ चा तुकडा पडतो ४ बाय ४ आणि ४ बाय २, म्हणजे १६ आणि ८, चोवीसच. यातून दोन गोष्टी फुकटात मिळतात. पाढा अडला तर तोडून करता येतो हे कळतं, आणि पुढं एल आकाराच्या खोलीचं क्षेत्रफळ काढायला सांगितलं की पोरं आपणहून रेघ मारून तिचे दोन आयत करतात.

चौरस मीटरचं मात्र वेगळं सांगायला हवं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १ मीटर बाय १ मीटरचा एक मोठा कागद करायचा आणि आधी त्यावर किती पोरं मावतात ते बघायचं, नुसता धिंगाणा. मग १ सेमीची एक चौकट कापून दाखवायची आणि विचारायचं की असे किती तुकडे लागतील या कागदाला. सगळा वर्ग ओरडतो शंभर! कारण मीटरमध्ये १०० सेंटीमीटर हे पाठ असतं. तुकडे मांडायला लावा. एका कडेची एकच ओळ पूर्ण व्हायला १०० तुकडे जातात आणि समोर अख्खा कागद रिकामा दिसतो. अशा १०० ओळी, म्हणजे १०,०००. पाचवीच्या पोरांना हा आकडा डोळ्यांनी बघायला मिळाला पाहिजे, मोठ्या माणसांचाही इथं गोंधळ होतो.

संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, आमच्या भागात दारोदारी ठिपक्यांच्या मोठमोठ्या रांगोळ्या असतात आणि वर्गातल्या पोरी त्यात तरबेज. म्हणून ठिपकेही वर्गात आणले. पाच बाय पाच ठिपके काढले आणि बाहेरचे ठिपके जोडून चौरस केला की आत चौकटी किती? पंचवीस म्हणतात, मोजल्यावर सोळा निघतात. ठिपके मोजायचे का मधली जागा मोजायची हा फरक इथं लख्ख दिसतो. आणि पाचवीतल्या जरा पुढच्या पोरांसाठी यात एक गंमत आहे, गेओर्ग पिक नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १८९९ साली ती मांडली. ठिपके जोडून एकच बंद आकार करायचा, रेघांनी एकमेकींना छेदायचं नाही. मग काठावरच्या ठिपक्यांचे निम्मे करायचे, त्यात आतले ठिपके मिळवायचे आणि एक वजा करायचा, आलं क्षेत्रफळ. आपल्या चौरसात काठावर १६, आत ९. आठ अधिक नऊ सतरा, वजा एक, सोळा! वाकडातिकडा आकार असला तरी चालतं, फक्त रेघा सरळ हव्यात आणि प्रत्येक कोपरा ठिपक्यावर हवा. पोरी आता रांगोळी काढून आधी उत्तर सांगतात आणि मग चौकटी मोजून पडताळतात.

पिंपळाचं पान चौकटीच्या कागदावर ठेवून गिरवणं सगळेच करतात, अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट पूर्ण धरायची, कमी असेल तर सोडायची, बरोबर अर्धी असेल तर अर्धी. मी त्यात फक्त एक भर घालते. स्वतःचा हात एकदा बोटं मिटून आणि एकदा फाकवून गिरवा, कुठला मोठा? सगळे म्हणतात फाकवलेला. मोजा मग.

घरचा अभ्यास म्हणून चादर मोजून आणायला सांगितली, कारण चादर नाही असं सोलापुरात घर नाही. एकीने ५ फूट बाय साडेसात फुटाची आणली, साडेसदतीस चौरस फूट. तिच्या वडिलांनी म्हणे पन्हा आणि लांबी दोन्ही न मोजताच सांगितली, आणि ती बरोबर निघाली. वर्गात आम्ही ती लांबीत मधोमध घडी घातली. क्षेत्रफळ निम्मं झालं, पण काठ २५ फुटांवरून साडेसतरावर आला, निम्मा नाही झाला. का नाही, यावर तास संपेपर्यंत वाद चालला आणि शेवटी एकाने घडीवरून बोट फिरवत सांगितलं की बाई ही कड आधी नव्हतीच, ही नवीन आली.

पुढच्या आठवड्यात गुंठा घ्यायचाय. बऱ्याच पोरांच्या घरात गावाकडच्या शेताची, प्लॉटची बोलणी सतत चालू असतात, गुंठा-एकर कानावर पडतं पण केवढा ते कुणी बघितलेलं नसतं. ३३ फुटांची सुतळी घेऊन मैदानावर ३३ बाय ३३ चा चौरस आखणार, १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे ४० झाले की एकर. आमचं अख्खं मैदान किती गुंठ्यांचं आहे याचा अंदाज प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचाय, चिठ्ठ्या डब्यात बंद करणार आणि मगच सुतळी काढणार.