टिनिटसवरचा पुरावा वाचताना: मोजलं काय आणि तुलना कशाशी?

टिनिटस म्हणजे बाहेर काही नसताना कानात ऐकू येणारा आवाज. त्यावरच्या उपचाराचा दावा समोर आला की आधी बघावं, अभ्यासात मोजलं काय: आवाज किती मोठा आहे ते, की त्याचा त्रास किती होतो ते? या दोन्हींचा मेळ फारसा बसत नाही. ऑडिओमीटरवर, म्हणजे ऐकणं तपासायच्या यंत्रावर, तशाच आवाजाशी जुळवून पाहिलं तर बहुतेकांचा आवाज ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या जेमतेम काही डेसिबल वर निघतो. तरीही एकाची झोप उडते आणि दुसऱ्याला दिवसभर त्याची आठवणही होत नाही. आवाज कायमचा बंद करणारं खात्रीचं औषध आज नाही, म्हणून मार्गदर्शक सूचनांचा भर त्रास कमी करण्यावर असतो.

त्रास मोजायला टीएचआय नावाची प्रश्नावली खूप वापरली जाते. 25 प्रश्न, 'हो'ला 4, 'कधीकधी'ला 2, 'नाही'ला 0, म्हणजे जास्तीत जास्त 100 गुण. साधारण 7 गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याइतका धरतात. वैद्यकीय पुरावा एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात संज्ञानात्मक वर्तन उपचाराच्या, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या सीबीटीच्या, 28 चाचण्या आणि 2733 लोक होते. नुसते प्रतीक्षा यादीत थांबलेल्यांशी तुलना केली तर सीबीटी घेणाऱ्यांचे गुण जवळपास 11 ने कमी भरले. पण ऑडिओलॉजिस्टकडची, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडची, नेहमीची सेवा मिळालेल्यांशी तुलना केल्यावर हाच फरक 5.65 वर आला, म्हणजे 7 च्या खाली. जाहिरातीत पहिलाच आकडा येणार हे उघड आहे. शिवाय उपचार संपल्यावर 6 किंवा 12 महिन्यांनी काय होतं, याचा पुरावा त्या आढाव्यात नव्हता. एवढ्या मर्यादा असूनही सीबीटीइतका भक्कम आधार दुसऱ्या कोणत्याच उपचाराला नाही, आणि माझ्या मते ती मिळत असेल तर जरूर घ्यावी.

गोळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीच्या 2014 च्या सूचना स्पष्ट आहेत: टिनिटससाठी म्हणून नैराश्यावरची, फिटची किंवा चिंतेवरची औषधं सरसकट देऊ नयेत, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), मेलाटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक), झिंक यांची शिफारसही करू नये. (नैराश्य खरोखरच असेल तर त्याचा उपचार करायचाच, तो प्रश्न वेगळा.) उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2020 मध्ये फक्त टिनिटससाठी बिटाहिस्टीन (चक्करेवर दिली जाणारी गोळी) देऊ नये असं सांगितलं. मग 'मला गुण आला' असं इतके जण का सांगतात? माणूस गोळी सुरू करतो ती त्रास अगदी टिपेला पोचल्यावर, आणि टिपेला गेलेला त्रास बऱ्याचदा आपोआपही उतरतो. त्याचं श्रेय गोळीला मिळतं. तुलनेला दुसरा गट नसलेल्या अभ्यासात नेमकी हीच चूक लपते.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार आधी करावा. ऐकणं अगदी ठीक असेल तर नाइस ते देऊ नका म्हणतं. यंत्र लावूनही फायदा झाला नाही तर एकदा फिटिंग तपासून घ्यावं. खालच्या पट्टीतलं ऐकणं चांगलं असताना बंद डोम (यंत्राचं कानात बसणारं मऊ टोक) बसवला, तर बाहेरचे नैसर्गिक आवाज अडतात, स्वतःचा आवाज घुमतो आणि टिनिटस आणखी ठळक वाटतो. अशा कानाला उघडा डोम लागतो. यंत्राचा आवाज किती वाढवलाय तेही सॉफ्टवेअरच्या अंदाजावर न सोडता कानात बारीक नळी घालून मोजावं.

रात्री पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावणाऱ्यांनी तो छोट्या स्पीकरवर, टिनिटसपेक्षा किंचित खालीच ठेवावा. पूर्ण झाकून टाकलं तर आवाज बंद होताच टिनिटस पुन्हा पुढे येतो. मात्र कॉक्रेनच्या 2018 च्या आढाव्यात ध्वनी उपचाराचा कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, त्यामुळे महागडं खास यंत्र घ्यायचं कारण दिसत नाही.

हे सगळं जुन्या, स्थिर टिनिटसबद्दल. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यावर येत असेल किंवा दोन कानांच्या ऐकण्यात फरक असेल तर स्कॅनचा विचार होतो. एरवी सरसकट एमआरआय नको. आणि आवाजासोबत ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक गेलं असेल, तर मळ असेल म्हणून थेंब घालत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढावा, कारण स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.