दुधाळ झाल्यावर पुढे काय?

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते. शाळेतलं बाकी सगळं रसायनशास्त्र धुऊन गेलं तरी एवढं बहुतेकांच्या लक्षात राहतं. माझी तक्रार अशी की पुष्कळ वर्गांत प्रयोग नेमका इथेच आटोपतो. खरी गंमत पुढे आहे. फुंकत राहा (ओढू मात्र नका, तोंड भाजेल). गाल दुखायला लागतात आणि मघाचं ते ताकासारखं पाणी हळूहळू पुन्हा नितळ होतं!

निवळीला दुधाळ करणारे कण म्हणजे चुनखडीच, निवळीतला चुना आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळून ग्लासात ताजी तयार झालेली. तिला आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की तिचं बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळून जातं.

चुन्याच्या भट्टीत चुनखडी तयार होण्याच्या उलटं घडतं. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो, ४४ किलो वायू धुराड्यातून निघून जातो. दगडात कोंडलेली ही हवा स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने ओळखली आणि १७५६ साली त्यावर निबंध छापला. आपल्या उच्छ्वासातही तीच असते, हे त्याने निवळीत फुंकूनच दाखवलं.

हा कळीचा चुना पाणी घालून विरवला की गेलेला वायू परत घेतो, पण सावकाश. उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के, तर मोकळ्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. पानाच्या डब्यातल्या चुन्यावर पाणी राहिलं तर त्यावर पातळ, काचेसारखी साय धरते. बोट लावलं की तडकते. ती साय म्हणजे चुनखडीच. वाड्याच्या जाड भिंतीतला चुना असाच आतवर दगड व्हायला वर्षानुवर्षं घेतो.

आणि प्रयोगाचा तो राहिलेला भाग? तो बोअरच्या पाण्यात चालू असतो. पावसाचं पाणी मातीतला वायू घेऊन चुनखडी विरघळवतं आणि नितळ चेहऱ्याने आपल्या टाकीत येतं. गीझरमध्ये तापलं की वायू सुटतो, चुनखडी कॉइलला चिकटते. गुहेत तापवायचीही गरज नसते. थेंब लोंबकळत असताना वायू निसटतो आणि छताला दगडी सुळके फुटतात. अजिंठा-वेरूळ पडले बेसाल्टचे, तिथे हे दिसायचं नाही. त्यासाठी आंध्रातल्या बोरा गुहा गाठाव्या लागतात, नाहीतर स्क्रू काढून घरचा गीझर.