तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या सॉफ्टवेअरला लॉक का नाही

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. कधी एखाद्या सोसायटीचा नवा उत्साही खजिनदार, कधी माझ्याच धंद्यातला कोणी, आणि घरात मुलगा तर आहेच, तो मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे त्यामुळे माझा धंदा त्याला म्युझियम वाटतो. प्रश्न साधारण असा असतो की सोसायटीच्या बिलांचं तुमचं सॉफ्टवेअर कोणीही पेनड्राइव्हवर टाकून घेऊन जातं, तर कॉपी चालू नये असा लॉक का नाही लावत? आणि ज्यांना जुनं माहीत आहे ते पुढचं विचारतात, पूर्वी तर होता की, मग काढलात का? पहिल्या प्रश्नाला मी ‘सपोर्टची कटकट नको’ असं काहीतरी थातुरमातुर सांगून सुटतो. दुसरा आला की चहा मागवतो.

आता एकदा लिहूनच टाकतो.

तर आधी हे, की मी उदार वगैरे नाहीये. ज्ञान सगळ्यांचं असतं असलं काही मी कधी म्हटलेलं नाही. व्हीबी सिक्स या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रात्र रात्र बसून लिहिलेलं आहे ते. सिंकिंग फंड, रिपेअर फंड, घर भाड्याने दिलं की लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाहीत, थकबाकीवर व्याज सरळ आणि जास्तीत जास्त २१ टक्के, शिवाय प्रत्येक कमिटीचं पार्किंगचं स्वतंत्र शास्त्र. हे सगळं बसवून झाल्यावर कोणी फुकट नेलं तर मला राग येतो, आजही येतो.

२००३ मध्ये तर फारच आला होता. भांडुपला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, तिथे टीव्हीवर त्यांच्या सोसायटीचं बिल पडलेलं. माझं बिल! रिपेअर फंडाचा आकडा एक घर उजवीकडे सरकलेला असायचा पहिल्या व्हर्जनमध्ये, तो तसाच सरकलेला. त्या सोसायटीला मी काहीच विकलं नव्हतं. विकलं होतं ते त्यांच्या ऑडिटरच्या दुसऱ्या एका सोसायटीला, आणि साहेबांनी आपल्या हाताखालच्या सगळ्या सोसायट्यांना प्रसाद वाटावा तसं वाटलं होतं. फोन केला तर म्हणतो, अरे मी तुझी जाहिरातच केली ना.

मग मी लॉक आणला. तेव्हा अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरला असायचा तोच, काडेपेटीएवढा, कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचायचा आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही. सुरुवातीच्या स्क्रीनवर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बी पण टाकलं, चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर किमान सात दिवस कैद, तीन वर्षांपर्यंत. म्हणजे पेन्शनीत निघालेली माणसं महिन्याची बिलं काढायला बसली की मी त्यांना आधी तुरुंग दाखवायचो. बिल गेट्सने १९७६ ला हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहिलं होतं, तुम्ही आमचं ‘बेसिक’ नावाचं सॉफ्टवेअर चोरता म्हणून, ते मी प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. हसू नका, तेव्हा फार पटायचं. आणि लॉकमुळे पैसे आले हेही खरं. त्याच ऑडिटरने निमूटपणे कॉपी विकत घेतल्या. मुलाची कॉलेजची फी त्यातून गेलीये, त्यामुळे २००३ मधल्या मला आज मी उगाच बावळट ठरवणार नाही.

फक्त त्या २००३ मधल्या स्वतःलाच एक विचारावंसं वाटतं, की बाबा रे, तू शिकलास कशावर? कॉम्प्युटर क्लासमधल्या कॉपी मारलेल्या फ्लॉप्यांवरच ना? प्रिन्स ऑफ पर्शिया या गेममध्ये पहिली लेव्हल संपली की बाटल्या यायच्या, मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ओळखून तीच बाटली प्यायची, म्हणजे तोही लॉकच होता. आमच्या क्लासमध्ये कोणी ते मॅन्युअल डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, हाताने लिहून घेतलेली अक्षरांची यादी मात्र प्रत्येकाच्या वहीत. तो म्हणेल, तेव्हा ओरिजिनल मिळत तरी होतं का मुंबईत, आणि मिळालं असतं तरी परवडलं असतं का. हेच उत्तर भांडुपच्या सोसायटीने दिलं असतं तर तू ऐकलं असतंस का, यावर तो गप्प बसतो. मीही.

आता २०१५.

सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि त्या वर्षी गणपती १७ तारखेला, म्हणजे अर्धी मुंबई कोकणात, उरलेली मंडपात, आणि त्यातच सगळ्या सोसायट्यांच्या सभा. मुलुंड पूर्वेला माझी एक जुनी सोसायटी होती. सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, सगळे त्यांना काकाच म्हणायचे, मीही. कामाचे पैसे नाहीत, पण बँकेची शिस्त अंगात, बिलं पाच तारखेच्या आत प्रत्येकाच्या दाराखाली सरकवलेली असायची. सभेच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसचा कॉम्प्युटर गेला. मदरबोर्ड. काकांनी करायला हवं ते सगळं केलं. नवीन मशीन आणलं, पेनड्राइव्हवरचा बॅकअप चढवला, माझी सीडी घालून सॉफ्टवेअर टाकलं, तेही मॅन्युअल वाचून (माझ्या गिऱ्हाइकांत मॅन्युअल वाचणारे ते एकटेच), आणि मग लॉक हातात घेऊन मशीनच्या मागे वाकून बघतात तर पंचवीस भोकांचा तो पोर्टच नाही. नव्या मशीनला ते पोर्ट यायचे कधीच बंद झाले होते.

मला फोन केला. मी गावी, मालवणच्या बाजूला. घरात रेंज नाही, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढून उभं राहिलं तर जेमतेम आवाज यायचा, आणि मागे आरती चालू. मी ओरडून सांगितलं, काका, लॅमिंग्टन रोडला यूएसबी-टू-पॅरलल केबल मिळेल, ती लावा, होईल काम. त्यांनी भाच्याला पाठवलं, केबल आली, लावली, काही होईना. होणारच नव्हतं. ती केबल विंडोजला फक्त प्रिंटर पुरवते, पोर्टचा जुना पत्ता तिथे नसतोच, आणि माझा लॉक थेट त्या पत्त्यावर हाक मारणारा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, पण गडग्यावर उभं राहून आठवावं इतकं माहीत नव्हतं.

सभेत हिशोबपत्रकं छापील होती, त्याचा प्रश्न नव्हता. पण एक थकबाकीवाला सभासद उठला की माझ्याकडून व्याजावर व्याज घेतलंय, माझं लेजर दाखवा. साधी मागणी, आणि त्याचा हक्कच. काका म्हणाले लेजर कॉम्प्युटरमध्ये आहे पण उघडत नाहीये. मुंबईतल्या सोसायटीच्या सभेत ‘हिशोब उघडत नाहीये’ हे वाक्य कधी म्हणून बघा. दहा मिनिटांत त्याचं ‘दाखवत नाहीयेत’ झालं, अर्ध्या तासात ‘दडवलंय’, आणि ज्यांच्याकडे काका गुडघे दुखत असताना जिना चढून पावती द्यायला जायचे त्यांच्यापैकीच एकजण म्हणाला, बँकेत पण असंच करायचात का? त्यावर कोणी त्याला गप्प केलं नाही म्हणे. काकांनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. हे सगळं मला भाच्याने सांगितलं, काका स्वतः यावर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

व्याज बरोबर होतं. सरळ व्याज, पैसा न् पैसा बरोबर.

भाचा तडकलेला. तो केबल परत करायला म्हणून त्याच दुकानात गेला आणि काउंटरवरच्या पोराला सगळं ऐकवलं. पोरगा म्हणाला, ‘लॉक का क्या काम है, सॉफ्टवेअर छोड के जा.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीडी तयार! टाकली, उघडलं, लेजर छापलं, नव्या कमिटीला नेऊन दिलं. नव्या कमिटीने फाइलला लावलं. कोणी वाचलं की नाही देव जाणे.

मी गावाहून आल्यावर काकांकडे गेलो. माझ्याकडे बोलण्यासारखं खूप होतं, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की मशीन बदलायच्या आधी आम्हाला कळवा, मदरबोर्ड सांगून जात नाही हे मलाही कळतं पण लिहिलंय, करारात पण आहे. यातलं एकही बोलायची वेळ आली नाही. काकूंनी मोदक दिले आणि काकांनी ती सीडी माझ्यापुढे केली, तुमचंच सॉफ्टवेअर आहे, तुमच्याकडे असलेलं बरं.

घरी येऊन माझी ओरिजिनल फाइल आणि ती फाइल, दोन्ही डॉसच्या एफसी कमांडला दिल्या, बाइट-बाय-बाइट. मला वाटलं स्क्रीन भरून फरक येतील. एक ओळ आली. एका जागी ७४ होतं तिथे त्याने ईबी केलं होतं, बस्स. प्रोसेसरच्या भाषेत ७४ म्हणजे अट जुळली तरच उडी मार, आणि ईबी म्हणजे काही असो, मार उडी. लॉकची किंमत, ते बसवायला गेलेले महिने, कलम ६३ बी, सगळं एका बाइटवर उभं होतं आणि त्या पोराने ते एका रात्रीत शोधलं, माझ्याकडे सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, असूनही मला ती जागा शोधायला त्याच्याहून जास्त वेळ लागला असता. राग यायला हवा होता. मी त्याचा पत्ता विचारून घेतला, नोकरी द्यावी म्हणून, आणि मग गेलोच नाही.

त्याच वर्षी जुलैत विंडोज १० आलं, आणि जुन्या गेमच्या सेफडिस्क नावाच्या लॉकवाल्या ओरिजिनल सीड्या त्यावर चालेनात, कारण त्या लॉकचा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने ठेवला नाही, सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच होतं ते. पण गंमत बघा, ज्यांनी पैसे भरले त्यांची सीडी बंद आणि ज्यांच्याकडे क्रॅक, म्हणजे लॉक तोडलेली कॉपी, त्यांचा गेम चालू. मुलुंडचंच झालं की हे. आणि प्रिन्स ऑफ पर्शिया लिहिणारा जॉर्डन मेक्नर, त्याच्याकडे स्वतःच्याच गेमचा मूळ ॲपल टू कॉम्प्युटरवरचा सोर्स उरला नव्हता, २०१२ मध्ये वडिलांना घरात फ्लॉप्यांचा खोका सापडला तेव्हा कुठे तो मिळाला. लिहिणाऱ्याकडे नाही आणि आमच्या क्लासमधल्या पोरांकडे गेम मात्र होता.

तर पुढच्या व्हर्जनपासून मी लॉक काढला. तत्त्व म्हणून नाही, लॉक लावणं चूक होतं असंही मी आज म्हणणार नाही, मला फक्त परत गडग्यावर उभं राहायचं नव्हतं. विक्री पडली. बऱ्यापैकी पडली, घरात बोलणी बसली. २०१८ च्या जानेवारीत मेंटेनन्सवरची जीएसटीची सूट महिना पाच हजारांवरून साडेसात हजार झाली तेव्हा मात्र मी कधी नावही न ऐकलेल्या सोसायट्यांचे फोन सुरू झाले, अपडेट कधी देताय म्हणून, तेही हक्काने. तुम्ही घेतलंत कुठून विचारलं की, ‘आमच्याकडे पहिल्यापासून आहे.’ त्यातल्या काहींनी माझ्या सॉफ्टवेअरचा वर्षाचा मेंटेनन्स चालू केला, बऱ्याच जणांनी फोन ठेवला आणि अपडेट कुठूनतरी मिळवला. हिशोब केला तर तोट्यातच आहे बहुतेक. मी हिशोब करत नाही, धंदाच हिशोबाचा असून.

मुलगा म्हणतो, बाबा क्लाउडवर टाका, महिन्याचं भाडं घ्या, चोरीचा विषयच संपेल. संपेल, मान्य. मी त्याला ‘द क्रू’ या ऑनलाइन गेमचं उदाहरण दिलं, युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेली डिस्क हातात असून गेम गेला, क्रॅकवाल्यालाही लगेच काही करता येईना. उद्या मी गेलो तर दीडशे सोसायट्यांची लेजरं कोण उघडणार? त्यावर तो शांतपणे म्हणाला, क्लाउडवर असतं तर मुलुंडच्या काकांनी सभेत मोबाइलवर लेजर दाखवलं असतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा जेवायची वेळ झाली म्हणून उठलो, अजूनही शोधतोय.

आणि तो २००३ मधला ऑडिटर, प्रसादवाला, त्याने गेल्या महिन्यात फोन केला. जीएसटीचं काम करायला त्याने एक एक्सेल शीट बनवलंय, मेहनतीने, आणि क्लायंट ते एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतायत. याला लॉक कसा घालायचा? मी म्हटलं, अरे जाहिरातच होतेय ना. तो हसला नाही. मग गेलो, शीटला पासवर्ड घालून दिला, एक्सेलच्या त्या पासवर्डला किती अर्थ असतो ते त्याला सांगितलं नाही, आणि विझिटचे पैसे घेतले.